पोषाख वाटेंत हरवलेलें पान

शिरढोण हें गांव पनवेलच्या दक्षिणेस, मुंबई-गोवा हमरस्त्यावर, कर्नाळ्याच्या किल्ल्याच्या अलीकडे लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं ह्याच गांवीं झाला, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं दूर एडनच्या बंदिवासांत त्यांचा अंत झाला. पुण्यतिथीच्या सुमारास शिरढोणचाच एखादा विद्यार्थी गांवाची आणि फडक्यांची माहिती देणारें संकेतस्थळ रचावयास बसला आहे, अशी श्रोत्यांनीं घटकाभर कल्पना करावी. विद्यार्थी काल्पनिक आहे. त्याच्यावर आलेला प्रसंग मात्र मुळींच काल्पनिक नाहीं. संकेतस्थळें रचण्याचें काम शिकणाऱ्या बहुतेकांवर तो एकदां तरी येतो, आणि आला म्हणजे एखादी रात्र खाऊन जातो.

घरच्या संगणकावर ह्या मुलानें आपलें पान मोठ्या हौसेनें सजविलें होतें. माथ्यावर भगवी पट्टी, तिच्यांत पांढऱ्या अक्षरांत गांवाचें नांव; डाव्या अंगास अनुक्रम; मध्यें मजकूर आणि उजवीकडे वाड्याचें बेताच्या आकाराचें छायाचित्र. सारें मनाजोगें जमलें. १५ फेब्रुवारीच्या सायंकाळीं त्यानें सर्व काम भाड्यानें घेतलेल्या सर्व्हरवर चढविलें आणि डोंबिवलीस राहणाऱ्या मामांस फोन केला. मामांनीं मोबाइलवर पान उघडलें, आणि थोड्या वेळानें ते म्हणाले, "अरे, माहिती सगळी वाचली, छान लिहिली आहेस. पण हें असं उघडंबोडकं कां रे ठेवलंस?"

"मामा, माझ्याकडे तर सगळं नीट दिसतंय."

दोघेही खरें बोलत होते. मामांपुढें जें होतें तें असें : पांढरी जागा, कसलीच ऐट नसलेलीं ठरीव अक्षरें, अनुक्रमाच्या प्रत्येक ओळीपुढें काळा ठिपका, सगळे दुवे निळे आणि खालीं रेघ ओढलेले, आणि छायाचित्र एवढें अवाढव्य कीं वाड्याचा एक खांबच पडदाभर पसरलेला. मजकुरांतला एक शब्दही गळलेला नव्हता. गेला होता तो केवळ पोषाख.

मजकूर येतो आणि पोषाख येत नाहीं, हें घडूं शकतें ह्याचें कारण असें कीं, ह्या दोन वस्तु मुळांतच निरनिराळ्या वाटांनीं प्रवास करितात. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेंत वेबची उभारणी केली, तेव्हां पानांत 'हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी' एवढें सांगण्याची सोय होती. मथळा कोणत्या रंगाचा आणि समास किती रुंद, हें सांगण्याची धड सोय नव्हती. लोकांनीं मग रंगाच्या आणि आकाराच्या खुणा मजकुरांतच घुसडण्यास आरंभ केला, आणि पानें गचाळ होऊं लागलीं. १० ऑक्टोबर १९९४ रोजीं हॉकोन व्हिउम ली ह्या नॉर्वेच्या गृहस्थांनीं, मजकूर आणि त्याची सजावट हीं वेगळीं ठेवावीं, अशी योजना मांडली. बर्ट बॉस हे डच गृहस्थ त्यांस पुढें मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजीं सीएसएस ह्या नांवानें तिची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. सजावटीची जी निराळी फाइल, तिलाच स्टाइलशीट म्हणतात.

पानांत स्टाइलशीटचा नुसता पत्ता असतो. ब्राउझर प्रथम पान मागवितो. तें वाचतां वाचतां त्यास हा पत्ता सांपडतो. मग तो त्या पत्त्यावर दुसरें मागणें धाडतो. नवरदेव एका एस. टी.नें यावा आणि त्याच्या कपड्यांची पेटी मागच्या एस. टी.नें यावी, तसा हा प्रकार आहे. पेटीवरील पत्ता चुकला तर नवरदेव मांडवांत हजर असतो, पण प्रवासाच्या मळक्या कपड्यांनिशीं. म्हणून स्टाइलशीट लागत नाहीं अशी तक्रार आली म्हणजे स्टाइलशीटच्या आंत डोकें घालण्यांत अर्थ नसतो. दोष बहुधा पत्त्याचा असतो, किंवा पत्त्यावर माल ठेवणाराचा.

मराठी वाचकास ह्या पोषाखाचें महत्त्व थोडें अधिकच वाटावें, असा आपल्याकडील इतिहास आहे. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळीं अक्षर आणि अक्षराचें रूप ह्या दोन वस्तु नव्हत्याच. शिशाच्या एकाच खिळ्यांत दोन्ही ओतलेलीं असत. संगणकानें त्यांची फारकत केली. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर वेबवर येऊं लागला, तेव्हां ही फारकत पुष्कळ ठिकाणीं अर्धवट होती. पानांत प्रत्यक्ष सांठविलेलीं असत तीं रोमन अक्षरांचीं व इतर चिन्हांचीं स्थानें. विशिष्ट फॉन्ट येऊन पोंचला तरच तीं देवनागरी दिसत. फॉन्ट वाटेंत राहिला तर वाचकापुढें निरर्थक चिन्हांचा ढीग पडे, आणि बातमी कीं मृत्युलेख हें सुद्धां कळत नसे. युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली व तींत देवनागरीस स्वतःची जागा होती. घरोघरच्या संगणकांवर तिचा वापर रुळावयास मात्र बरींच वर्षें गेलीं. शिरढोणच्या मुलाचें पान उघडेंबोडकें आलें तरी डोंबिवलीच्या मामांना तें वाचतां आलें, तें युनिकोडमुळें. कपडे हरवले, पण माणूस ओळखूं आला.

आतां त्या मुलाच्या रात्रीकडे वळावें. पहिला तासभर त्यानें जें सर्वच नवशिके करितात तेंच केलें. स्टाइलशीटमधला भगवा रंग बदलून पाहिला, तांबडा केला, पुन्हां भगवा केला. मग इतरांच्या कामांतील सेटिंग्जच्या तीन ओळी उचलून आपल्या कामांत घातल्या. त्यांनीं कांहीं होईना म्हणून आणखी दोन घातल्या. हा मार्ग अत्यंत वाईट. पांच गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे सुधारलें तर कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि बिघडलें तर पूर्वस्थितीस परत येतां येत नाहीं. औषधें एकामागून एक बदलणाऱ्या रोग्यासारखी त्या कामाची दशा होते.

ब्राउझरमध्यें विकासकांसाठीं एक खिडकी असते. तींत पानानें काय काय मागविलें आणि प्रत्येक मागण्यास काय उत्तर मिळालें, याची यादी दिसते. उशिरानें कां होईना, त्यानें ती उघडली. पानाच्या नांवापुढें २०० हा आंकडा होता, म्हणजे पान सुखरूप पोंचलें. स्टाइलशीटच्या नांवापुढें ४०४ होता, म्हणजे ह्या पत्त्यावर अशी वस्तूच नाहीं. ४०३ असता, तर वस्तु आहे पण देण्यास मनाई आहे, असा अर्थ झाला असता. भाड्याच्या सर्व्हरवर फाइली एखाद्याच्या खासगी फोल्डरमध्यें राहिल्या आणि त्या वाचण्याची परवानगी वाटणाऱ्या प्रोग्रॅमला नसली, म्हणजे हा आंकडा येतो. क्वचित् २०० येऊनही पोषाख लागत नाहीं. तेव्हां उत्तराचा प्रकार पहावा. स्टाइलशीटच्या ठिकाणीं 'पान सांपडलें नाहीं' अशी दिलगिरीची चिठ्ठीच यशाचा शिक्का मारून परत आलेली असते, आणि ब्राउझर ती अंगावर चढविण्यास नाकारतो. ही यादी पाहण्यास दोन मिनिटें लागतात. रंग बदलण्यांत गेलेला तास त्यापूर्वींच गेलेला होता.

मुलानें जँगो नांवाचें फ्रेमवर्क वापरलें होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कॅन्ससमध्यें लॉरेन्स म्हणून एक गांव आहे. तेथील वृत्तपत्राच्या कचेरींत एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन ह्या दोघां तरुणांनीं २००३ सालीं आपल्या कामापुरता जो सांगाडा उभा केला, तोच जुलै २००५ मध्यें जँगो ह्या नांवानें सर्वांस खुला झाला. नांव घेतलें जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाचें. पायथॉन भाषेंत लिहिलेल्या ह्या सांगाड्यावर आज जगभर कामें चालतात.

जँगोच्या घरची रीत समजण्यास एखाद्या पंगतीकडे पहावें. पान मागितलें कीं जँगो तें त्या वेळीं तयार करितो. मागणारा कोण, त्यानें काय विचारलें, त्याप्रमाणें तें बदलतें. ही तव्यावरून उतरणारी भाकरी झाली. स्टाइलशीट, चित्रें, फॉन्ट ह्या वस्तु सर्वांस सारख्याच. त्या बरणींतल्या लोणच्यासारख्या. ह्यांसच तेथें स्टॅटिक, म्हणजे स्थिर फाइली, म्हणतात. घरांत चार माणसें जेवावयास असलीं तर भाकरी करणारीच हात पुसून लोणचेंही वाढते. लग्नाच्या पंगतींत आचाऱ्यानें चूल सोडून लोणचें वाढीत फिरणें शोभत नाहीं आणि परवडतही नाहीं. तें काम वाढप्याचें.

मुलाच्या घरच्या संगणकावर हेंच घडत होतें. तेथें डीबग हें सेटिंग चालू होतें, आणि शिकाऊ कामासाठीं जँगोबरोबर मिळणारा छोटा सर्व्हर मुकाट्यानें स्थिर फाइलीही वाढीत होता. सर्व्हरवर काम चढवितांना त्यानें, सांगितल्याप्रमाणें, डीबग बंद केलें. त्या क्षणापासून जँगोनें लोणच्याची बरणी खालीं ठेवली. त्यानें तशी सूचना दिली नाहीं, कारण त्याच्या समजुतीप्रमाणें वाढपी ठरलेलाच होता. तो ठरविलेला नव्हता. घरीं नीट आणि बाहेर उघडें, ह्या कोड्याचें उत्तर एवढेंच.

येथें एक मोह होतो, आणि त्याबद्दल स्पष्ट बोललें पाहिजे. डीबग पुन्हां चालू केलें आणि तोच शिकाऊ सर्व्हर बाहेरही चालविला, तर पोषाख तत्काळ परत येतो. पुण्यतिथी परवांवर आलेली, रात्रीचे अकरा वाजलेले. कोणासही वाटेल, राहूं द्यावें. पण डीबग चालू असलेल्या संकेतस्थळावर कांहीं चूक घडली, कीं कोडाच्या ओळी, फाइलींचे मार्ग आणि सेटिंग्जमधील कितीतरी तपशील समोरच्या परक्या माणसास वाचावयास मिळतो. घराचें दार बंद होत नाहीं म्हणून भिंतच पाडून ठेवण्यासारखें हें आहे. डीबग बंद ठेवूनही शिकाऊ सर्व्हरकडून फाइली वाढवून घेण्यासाठीं आज्ञेस जोडावयाचा एक शब्द आहे. रचणारांनीं त्याचें नांवच 'इनसिक्युअर' ठेवलें आहे, त्याअर्थीं त्यांचें मत उघड आहे.

योग्य मार्ग लांब नाहीं. तो तीन प्रश्नांचा आहे. लेखक आपल्या स्थिर फाइली लिहितांना कोठें ठेवतो? बाहेरचा माणूस त्या कोणत्या पत्त्यानें मागेल? आणि वाढप्याच्या हवालीं करण्यासाठीं त्या कोठें गोळा केल्या जातील? पहिल्याचें उत्तर स्टॅटिकफाइल्स-डर्स ह्या सेटिंगांत, दुसऱ्याचें स्टॅटिक-यूआरएल ह्यांत, तिसऱ्याचें स्टॅटिक-रूट ह्यांत. तिघांच्या नांवांत 'स्टॅटिक' असल्यामुळें नवशिका त्यांस तीन भाऊ समजून एकाचा सदरा दुसऱ्यास घालतो. सर्वांत रूढ गैरसमज मधल्याबद्दल आहे. स्टॅटिक-यूआरएल हें डिस्कवरील फोल्डर नव्हेच. तो पत्त्याचा आरंभीचा भाग आहे, टपाल खात्याच्या पिनकोडासारखा. पिनकोड बदलला म्हणून घर हलत नाहीं, आणि घर हलविलें म्हणून पिनकोड आपोआप बदलत नाहीं.

पहिल्या प्रश्नांतही एक बारकावा आहे. जँगोचें काम लहान लहान भागांत वांटलेलें असतें. त्यांस अ‍ॅप म्हणतात. अ‍ॅपच्या आंत 'स्टॅटिक' नांवाचें फोल्डर असलें तर जँगो तें न सांगतां शोधतो. मात्र त्या अ‍ॅपचें नांव सेटिंग्जमधील यादींत नोंदलेलें हवें. साऱ्या प्रकल्पासाठीं अगदीं वरच्या पातळीवर 'स्टॅटिक' फोल्डर केलें असेल, तर तें मुद्दाम स्टॅटिकफाइल्स-डर्समध्यें लिहावें लागतें. आणि तेंच फोल्डर स्टॅटिक-रूट म्हणूनही दिलें, तर जँगो साफ नकार देतो. हा नकार योग्यच होय. लिहिण्याची जागा आणि गोळा करण्याची जागा एक झाली, म्हणजे मूळ कोणतें आणि प्रत कोणती हें कोणास सांगतां यावें?

गोळा करण्याची आज्ञा कलेक्टस्टॅटिक ही आहे. ती दिली कीं सर्व अ‍ॅपांतील आणि सांगितलेल्या फोल्डरांतील स्थिर फाइलींच्या प्रती स्टॅटिक-रूटमध्यें येऊन पडतात. ही आज्ञा एकदां देऊन भागत नाहीं. स्टाइलशीटमध्यें एक स्वल्पविराम बदलला तरी बाहेरच्या सर्व्हरवर ती पुन्हां द्यावी लागते. मग वाढपी नेमावा. मोठ्या सर्व्हरवर एन्जिनएक्स हा प्रोग्रॅम हें काम करितो. लहान संकेतस्थळास व्हाइटनॉइज नांवाची जोड पुरते, ती जँगोच्या शेजारींच बसून स्थिर फाइली वाटते. एन्जिनएक्समध्यें फोल्डर दाखविण्याचे 'रूट' आणि 'एलियस' असे दोन शब्द आहेत. 'रूट' म्हटलें तर मागितलेला सबंध पत्ता फोल्डरच्या नांवापुढें जोडला जातो; 'एलियस' म्हटलें तर पत्त्याचा आरंभीचा भाग गाळून त्याच्या जागीं फोल्डर धरलें जातें. एकाच्या जागीं दुसरा पडला कीं एन्जिनएक्स 'स्टॅटिक'च्या आंत आणखी एक 'स्टॅटिक' शोधूं लागतो, आणि ४०४ कायम राहतो.

मध्यरात्रीच्या सुमारास मुलानें फाइली गोळा केल्या, वाढपी नेमला, आणि मुखपृष्ठ भगव्या पट्टीसकट उजळलें. पण अनुक्रमांतील 'फडके यांचें चरित्र' ह्या दुव्यावर जातांच तें पान पुन्हां उघडें! एक पान नीट आणि आंतलें पान उघडें, हें लक्षण फार बोलकें आहे. शिरढोणच्या चावडीपाशीं उभें राहून कोणी 'देवळामागचें दुसरें घर' असा पत्ता सांगितला, तर ऐकणारा बरोबर जाईल. तेंच वाक्य पनवेलच्या स्थानकावर सांगितलें, तर तो पनवेलच्याच एखाद्या देवळामागें घरें मोजीत बसेल. मुलानें चरित्राच्या पानांत स्टाइलशीटचा पत्ता हातानें लिहिला होता, आणि त्याच्या आरंभीं तिरकी रेघ दिलेली नव्हती. अशा पत्त्याचा अर्थ 'मी जेथें उभा आहें तेथून पुढें' असा होतो. मुखपृष्ठावरून तो बरोबर लागला असता. चरित्राच्या पानावरून ब्राउझर 'चरित्र' ह्या पत्त्याच्या पोटांत 'स्टॅटिक' शोधीत होता. आरंभीं तिरकी रेघ दिली कीं पत्ता गांवाच्या वेशीपासून मोजला जातो, मग मागणारा कोठेंही उभा असो.

त्याहून बरें म्हणजे पत्ता हातानें लिहूंच नये. जँगोच्या साच्यांत 'स्टॅटिक' नांवाची खूण आहे; तिला फाइलीचें नांव सांगितलें कीं पूर्ण पत्ता ती स्वतः लिहिते. त्यापूर्वीं त्या साच्यांत 'लोड स्टॅटिक' असें म्हणावें लागतें. एका मूळ साच्यावरून दुसरे साचे घेतले असले, तर मूळ साच्यांतील 'लोड' खालच्यांस लागू पडत नाहीं; ज्या साच्यांत खूण वापरावयाची त्या प्रत्येकांत तें पुन्हां लिहावें लागतें. वडिलांनीं संध्या केली म्हणून मुलास पुण्य लागत नाहीं.

नांवांचा गोंधळ हाही ह्याच कुळांतला. शिरढोण एकच नाहीं. पनवेल तालुक्यांत एक, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यांत दुसरें, सांगली जिल्ह्याच्या कवठेमहांकाळ तालुक्यांत तिसरें. पत्रावर नुसतें 'शिरढोण' लिहिलें तर तें वाटेंत पहिलें लागेल त्या शिरढोणास जाईल. जँगोच्या दोन अ‍ॅपांत 'स्टाइल' ह्याच नांवाची स्टाइलशीट असली तर अगदीं असेंच होतें : शोधतांना जी पहिली सांपडते ती घेतली जाते, दुसरी कोणास दिसतच नाहीं. ४०४ येत नाहीं, चूकही दाखविली जात नाहीं. नुसता दुसऱ्याचा अंगरखा अंगावर येतो. म्हणून 'स्टॅटिक' फोल्डरच्या आंत अ‍ॅपच्या नांवाचें आणखी एक फोल्डर करून स्टाइलशीट त्यांत ठेवण्याची चाल आहे. नवशिक्यास ही पुनरुक्ति वाटते. पण पत्त्यावर तालुका लिहिण्यास कोणी पुनरुक्ति म्हणत नाहीं. कोणती फाइल सांपडते आहे याची शंका असल्यास 'फाइंडस्टॅटिक' ही आज्ञा तिचें खरें ठिकाण सांगते.

रोमन मोठ्या आणि लहान अक्षरांचा भेदही येथेंच सांगून टाकावा. घरच्या विंडोज संगणकास 'स्टाइल'चा पहिला 'एस' मोठा कीं लहान ह्याची पर्वा नसते. बाहेरचे सर्व्हर बहुधा लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या दृष्टीनें तीं दोन निराळीं नांवें होत. घरीं चालतें आणि बाहेर चालत नाहीं, ह्याचें हें दुसरें कारण. सारीं नांवें लहान अक्षरांत ठेवावीं म्हणजे वादच राहत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १६ तारखेस, मुलाच्या ध्यानांत आलें कीं रंग, पट्टी, समास सगळें आलें आहे, पण अक्षरें त्यानें निवडलेलीं नाहींत. त्यानें मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा 'मुक्त' नांवाचा खुला फॉन्ट घेतला होता. मोबाइल मात्र आपल्या जवळचींच अक्षरें दाखवीत होता. पुन्हां यादी उघडली, पुन्हां ४०४. ह्या वेळीं पत्ता पानांत नव्हता, स्टाइलशीटच्या पोटांत होता, आणि येथें नियम निराळा आहे. स्टाइलशीटमध्यें लिहिलेला अर्धा पत्ता पानापासून मोजला जात नाहीं. तो स्टाइलशीट जेथें आहे तेथून मोजला जातो. त्याची स्टाइलशीट एका फोल्डरमध्यें, फॉन्ट शेजारच्या फोल्डरमध्यें. तेव्हां आधीं एक पायरी वर जावें, मग शेजारीं उतरावें, असें दोन टिंबें देऊन सांगावें लागतें. मुलानें पानावरून पाहिल्याप्रमाणें पत्ता लिहिला होता. फॉन्ट दुसऱ्याच संकेतस्थळावर ठेवलेला असता तर त्या संकेतस्थळानें तो बाहेर वापरण्याची परवानगी उत्तरांत दिलेली असावी लागते. ती नसली तर फॉन्ट येऊनही ब्राउझर तो लावीत नाहीं.

हेंही सुधारलें. फाइली पुन्हां गोळा केल्या. मुलानें मामांस फोन केला, आणि मामा म्हणाले, "नाहीं रे, अक्षरं कालचींच आहेत."

ह्या वेळीं दोष कोणाचाच नव्हता. एकदां आणलेली स्टाइलशीट ब्राउझर कांहीं काळ आपल्याजवळ सांठवून ठेवतो, म्हणजे दर खेपेस मागवावी लागत नाहीं. मामांच्या मोबाइलनें सकाळींच ती आणलेली होती. नांव तेंच, पत्ता तोच, मग नवी मागविण्याचें त्यास कारण दिसलें नाहीं. मामांस 'सांठवण पुसा' असें सांगतां येतें. पण पुण्यतिथीस पान उघडणाऱ्या प्रत्येकास फोन करून तें सांगतां येत नाहीं. जँगोमध्यें ह्यासाठीं स्थिर फाइली सांठविण्याची एक निराळी पद्धत निवडतां येते. त्या पद्धतींत गोळा करतांना प्रत्येक फाइलीच्या नांवांत तिच्या मजकुरावरून काढलेला बारा चिन्हांचा तुकडा घातला जातो. मजकूर तोच असेल तर तुकडा तोच. एक अक्षर बदललें तर तुकडा बदलतो, म्हणून नांव बदलतें, म्हणून पत्ता बदलतो, आणि ब्राउझरला ती नवी वस्तु म्हणून मागवावीच लागते. ज्यांनीं पत्ते 'स्टॅटिक' ह्या खुणेनें लिहिले त्यांचीं पानें नवा पत्ता आपोआप घेतात. हातानें लिहिणारे जुन्याच पत्त्यावर राहतात. शिवाय, स्टाइलशीटनें उल्लेखिलेला फॉन्ट जागेवर नसला तर ह्या पद्धतींत गोळा करण्याचें काम तेथेंच थांबतें आणि कोणती फाइल सांपडली नाहीं तें सांगतें. म्हणजे जी चूक मुलास १६ तारखेस डोळ्यांनीं शोधावी लागली, ती आज्ञा देतांच कळली असती.

१६ तारखेच्या रात्रीं त्यानें तसें केलें. १७ तारखेस सकाळीं मामांनीं पान उघडलें, तेव्हां भगवी पट्टी आपल्या जागीं होती, वाडा बेताचा होता, अक्षरें निवडलेलींच होतीं. नंतर पाहण्यासारखी एकच बारीक गोष्ट उरली. 'ल' आणि 'श' ह्या अक्षरांचीं मराठी वळणें हिंदी वळणांहून निराळीं आहेत. कांहीं देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणें असतात, आणि पानाच्या आरंभीं भाषा मराठी आहे असें नोंदलेलें असेल तरच त्यांतलीं मराठी वळणें निवडलीं जातात. साच्याच्या पहिल्या ओळींत भाषा इंग्रजी लिहिलेली तशीच राहिली होती. मुलानें ती बदलली.